वेबसाइट छान दिसते, पण कागदांची यादी कुठे आहे?



आजचा पाठ वेबसाइटच्या रचनेवर आहे. विषय संगणकाच्या तासाचा वाटेल, पण तो आपल्या सगळ्यांचा आहे. आपल्यापैकी कितीतरी जण स्वतःचा ब्लॉग चालवतात. शाळेची वेबसाइट सांभाळायचं काम तर "सर, तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना?" एवढ्या एका वाक्यावर आपल्या गळ्यात पडतं. आणि हल्ली नववी-दहावीची मुलं सांगतात, "मला वेब डिझायनर व्हायचंय." तेव्हा आईबाबांना प्रश्न पडतो की हे नक्की काय काम असतं? चित्रं काढायची की प्रोग्रॅम लिहायचे?

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमच्या शाळेची वेबसाइट मी बनवली होती. दोन रविवार खर्च केले होते हो! वर शाळेच्या इमारतीचा मोठा फोटो, त्याखाली आपोआप सरकणारी सहा चित्रं, एक लाल अक्षरांची धावती पट्टी, कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन', आणि तळाशी किती जणांनी भेट दिली ते सांगणारा आकडा. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी कौतुक केलं. प्रवेशाला लागणाऱ्या कागदांची यादी मी त्या सरकणाऱ्या सहा चित्रांपैकी चौथ्या चित्रात टाकली होती. चित्र चार सेकंदांनी बदलायचं.

जूनमध्ये एक वडील मुलीच्या प्रवेशासाठी आले. गवंडीकाम करणारे. त्या दिवसाचा खाडा करून आले होते. सोबत जन्माचा दाखला होता, पण आधीच्या शाळेचा दाखला आणलेला नव्हता. कार्यालयातल्या लिपिक मॅडम म्हणाल्या, "अहो, वेबसाइटवर यादी दिलीय की!" त्यांनी मोबाईल काढून दाखवला. "मॅडम, ते चित्र वाचेपर्यंत पळून जातंय. तीनदा बघितलं." त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली, माझ्या चार सेकंदांच्या चित्रापायी.

वेबसाइट सुंदर होती यात वाद नाही. मग चुकलं कुठे?

वेबसाइटवर तिघांचा हक्क असतो

कोणतीही वेबसाइट घ्या, तिच्याकडून तीन वेगळ्या अपेक्षा असतात. पहिली अपेक्षा डोळ्याची: दिसायला नीटनेटकी, प्रसन्न, विश्वास वाटेल अशी हवी. दुसरी अपेक्षा वापरणाऱ्याची. तो काहीतरी काम घेऊन आलेला असतो, वेबसाइट बघायला आलेला नसतो. तिसरी अपेक्षा मालकाची, म्हणजे ज्याने ती बनवून घेतली त्याची. दुकानाला विक्री हवी, वर्तमानपत्राला वाचक आणि जाहिराती हव्यात.

शाळेला कसला आलाय धंदा, असं म्हणाल. पण शाळेचंही उद्दिष्ट असतंच. प्रवेश वाढावेत, पालकांचा विश्वास बसावा, कार्यालयातला फोन दिवसभर त्याच त्याच प्रश्नांनी वाजू नये. याला इंग्रजी पुस्तकांत 'बिझनेस गोल' म्हणतात. आपण 'संस्थेचा हेतू' म्हणू.

माझ्या वेबसाइटने पहिल्याची सेवा केली आणि उरलेल्या दोघांना विसरली. गंमत बघा, शाळेचं कामही त्यात वाढलंच. त्या वडिलांना मॅडमनी दोनदा समजावलं, दोनदा नोंद केली. वापरणाऱ्याचं नुकसान झालं की बहुतेक वेळा मालकाचंही होतं. ते फक्त वेगळ्या खात्यावर पडतं म्हणून दिसत नाही.

तरीही सौंदर्य फालतू नाही

इथे काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. "मग काय, साधा मजकूर टाकायचा, डिझाइन-बिझाइन काही नको!" थांबा जरा.

१९९५ मध्ये जपानमध्ये मासाकी कुरोसु आणि काओरी काशिमुरा या हिताची कंपनीतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. त्यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या तयार केल्या. आकडे तेच, बटणं तीच, फक्त जागा वेगळ्या. २५२ लोकांना त्या दाखवून विचारलं, ही वापरायला किती सोपी वाटते आणि दिसायला किती छान वाटते? ज्या मांडण्या लोकांना सुंदर वाटल्या, त्याच त्यांना सोप्याही वाटल्या. प्रत्यक्षात त्या किती सोप्या होत्या, याच्याशी या मताचा संबंध मात्र फारसा नव्हता.

इस्राएलमधल्या नोम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, जपानी माणसांना सौंदर्याची ओढ जास्त, आपल्याकडे असं होणार नाही. त्यांनी तोच प्रयोग आपल्या देशात केला आणि १९९७ मध्ये निकाल मांडला. तिथे हा संबंध जपानपेक्षाही घट्ट निघाला! पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या गिट्टे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वेबपान आवडलं की नाही हे मत माणूस ५० मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागात बनवू शकतो. एवढ्या वेळात एक शब्दही वाचून होत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. उत्तरपत्रिका तपासताना सुवाच्य अक्षराची पत्रिका हातात आली की आपला चेहरा आपोआप खुलतो की नाही? एखादं उत्तर थोडं अर्धवट असलं तरी मन म्हणतं, "मुलगी व्यवस्थित आहे, येत असेल तिला." सुंदर वेबसाइटलाही हीच सवलत मिळते. पण अक्षर कितीही वळणदार असलं आणि गणित चुकलं असलं, तर गुण देता येत नाहीत. सवलत संपते.

ती किती लवकर संपते याचं एक जुनं आणि फार महाग उदाहरण आहे.

बू डॉट कॉमची गोष्ट

नोव्हेंबर १९९९. लंडनहून 'बू डॉट कॉम' नावाचं फॅशनच्या कपड्यांचं आणि बुटांचं ऑनलाइन दुकान सुरू झालं. संस्थापक स्वीडनचे, एर्न्स्ट मालम्स्टेन आणि काय्सा लिएंडर हे त्यातले मुख्य. एकाच वेळी अनेक देशांत, अनेक भाषांत आणि अनेक चलनांत विकायचं, असा मोठा घाट. वेबसाइट तर अशी की त्या काळात कोणी पाहिली नव्हती. बूट सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येत होता. कपडे पुतळ्यावर चढवून बघता येत होते. 'मिस बू' नावाची एक चित्रातली मुलगी तुमच्याशी बोलत खरेदीला मदत करायची.

आता १९९९ साल आठवा. घराघरात टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. मोडेम टूं-टूं-खर्र असा आवाज करायचा आणि ५६ किलोबिट वेगालाच लोक भाग्य समजायचे. त्या वेगावर हे फिरणारे बूट आणि बोलणारी मुलगी उतरायला किती वेळ लागत असेल? ज्याला बूट घ्यायचा होता तो पडद्याकडे बघत बसायचा. सहा-सात महिन्यांत, १८ मे २००० रोजी, कंपनी बंद झाली. तोवर सुमारे १३.५ कोटी डॉलर संपले होते.

हे सगळं फक्त वेबसाइटमुळे झालं असं मी म्हणणार नाही. खर्च बेसुमार होता, सुरुवात अनेकदा पुढे ढकलली गेली होती, आणि त्याच वसंतात अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला होता. पण वेबसाइट बनवणाऱ्यांनी घरातल्या ग्राहकाचा मोडेम डोळ्यांसमोर ठेवला असता, तर पहिले तीन-चार महिने तरी हातचे गेले नसते असं मला वाटतं. कल्पना वाईट नव्हती. कपडे फिरवून, जवळून बघता येणं आज प्रत्येक खरेदीच्या अ‍ॅपमध्ये आहे. ती फक्त ग्राहकाच्या तारेत मावत नव्हती.

हे गणित आपल्या शाळेतही करून बघता येतं, सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमेल. मोबाईलने काढलेला एक फोटो ४ मेगाबाइटचा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ३२ मेगाबिट. गावात रेंज कमी असताना वेग सेकंदाला १ मेगाबिट मिळतोय. किती सेकंद लागतील? ३२. तोच फोटो लहान करून २०० किलोबाइटचा केला तर? साधारण १.६ सेकंद. माझ्या सरकणाऱ्या सहा चित्रांची बेरीज मी नंतर केली होती. सांगत नाही.

साधेपणालाही बक्षीस मिळतं

उलट बाजूचं उदाहरण ब्रिटन सरकारचं आहे. तिथे सरकारी माहिती वेगवेगळ्या वेबसाइटांवर विखुरलेली होती, प्रत्येक खात्याची वेगळी चूल. २०११ मध्ये या कामासाठी एक स्वतंत्र डिजिटल विभाग स्थापन झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी 'गव्ह डॉट यूके' ही एकच वेबसाइट सुरू केली आणि आधीच्या दोन मोठ्या वेबसाइट बंद केल्या. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, लंडनच्या डिझाइन म्युझियमचा 'वर्षातील सर्वोत्तम डिझाइन' हा पुरस्कार तिला मिळाला. त्या स्पर्धेत इमारती, वाहनं, कपडे असं सगळं असतं. आणि जिंकली कोण, तर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं असलेली सरकारी वेबसाइट!

मुलांना ती उघडून दाखवा. पहिल्यांदा ती म्हणतील, "सर, यात काहीच नाहीये." बरोबर आहे. मग त्यांना सुट्ट्यांचं पान शोधायला सांगा. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्ट्यांना 'बँक हॉलिडे' म्हणतात. त्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरात पुढची सुट्टी कधी ते दिसतं, बाकीची यादी त्याखाली. लोक हेच विचारायला येतात, म्हणून हेच वर. मंत्र्यांचा फोटो नाही, सुट्ट्यांच्या कायद्याचा इतिहास नाही.

त्या विभागाने आपल्या कामाची जी तत्त्वं जाहीर केली, त्यातलं पहिलंच असं की सुरुवात वापरणाऱ्याच्या गरजेपासून करा. सरकारला काय सांगायचंय त्यापासून नाही. आपल्याकडच्या सूचनाफलकाची सुरुवात कशी असते आठवा: 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, वरील संदर्भ क्रमांक १ ते ४ नुसार...' पालक चौथ्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत त्याचा बसचा थांबा येतो.

पण ती वेबसाइट कुरूप आहे का? नाही. तिची अक्षरं बघा. १९६० च्या सुमारास जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी ब्रिटनच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी 'ट्रान्सपोर्ट' नावाचं अक्षरवळण तयार केलं होतं. गाडी वेगात असताना लांबून वाचता यावं, हा त्याचा उद्देश. त्याचंच नवं रूप या वेबसाइटवर वापरलं आहे. घाईत असलेल्या माणसाला चटकन वाचता यावं, ही गरज रस्त्यावरही आणि सरकारी वेबसाइटवरही एकच. इथे सौंदर्य आणि उपयोग वेगळे काढताच येत नाहीत. आणि सरकारचा फायदा? वेबसाइटवर काम झालं की फोन आणि खिडकीवरची रांग कमी होते.

एका बटणाची किंमत

वेबसाइटच्या रचनेबद्दल वाचताना एक गोष्ट हमखास भेटते. अमेरिकेतले जाणकार जॅरेड स्पूल यांनी ती २००९ मध्ये लिहिली आणि दुकानाचं नाव गुप्त ठेवलं. एक मोठं ऑनलाइन दुकान होतं. ग्राहक वस्तू निवडायचा, पैसे भरायला निघायचा, आणि मध्ये एक छोटा फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, 'लॉगिन', 'नोंदणी करा' आणि 'पासवर्ड विसरलात?' बस, एवढंच. बनवणाऱ्यांना वाटत होतं, नोंदणी एकदाच करायची, नंतर सोपं. ग्राहकाच्या सोयीसाठीच तर आहे!

प्रत्यक्ष लोकांना बसवून खरेदी करायला लावली तेव्हा नवे ग्राहक तिथेच वैतागले. आम्हाला वस्तू घ्यायचीय, तुमच्याशी नातं जोडायचं नाही, अशा अर्थाचं बोलले. जुन्या ग्राहकांना कोणता ईमेल दिला होता तेच आठवेना. तपासल्यावर कळलं की ४५ टक्के ग्राहकांची एकापेक्षा जास्त खाती होती, आणि पासवर्ड विसरल्याच्या विनंत्या रोज १ लाख ६० हजार येत होत्या. त्यातल्या ७५ टक्के लोकांनी पुढे खरेदी पूर्णच केली नाही.

उपाय काय केला? 'नोंदणी करा'च्या जागी 'पुढे जा' असं बटण ठेवलं आणि खाली एक साधं वाक्य लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही, हवं असेल तर शेवटी उघडता येईल. खरेदी पूर्ण करणारे ग्राहक ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरची जास्त विक्री झाली, असं स्पूल सांगतात.

रंग बदलला नाही, चित्र बदललं नाही. मालकाला ग्राहकांची नोंद हवी होती, ग्राहकाला वस्तू हवी होती. मालकाने आपली गरज सोडली नाही, फक्त रांगेत मागे नेली. आपण शाळेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये काय करतो? पहिल्याच पानावर आईचं शिक्षण, वडिलांचं उत्पन्न, बँक खातं, सगळं भरल्याशिवाय दुसरं पान उघडत नाही. पालकाला अजून हेही माहीत नसतं की चौथीच्या वर्गात जागा शिल्लक आहे का.

मालक आणि वापरणारा भांडतात तेव्हा

आतापर्यंतच्या उदाहरणांत दोघांचं हित शेवटी एकाच दिशेला होतं. नेहमीच असं नसतं. ग्राहकाला फसवून पैसे जास्त मिळतात, निदान काही दिवस तरी मिळतात. 'फक्त दोनच शिल्लक!' अशी खोटी घाई, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू किंवा देणगी, सुरू करायला एक क्लिक आणि बंद करायला दहा पानं लागणारी वर्गणी. ब्रिटनच्या हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये याला 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आपण त्याला 'फसवी रचना' म्हणू. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या रचना रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात १३ प्रकार नावानिशी दिले. पालकांनी ते मुलांसोबत बसून वाचावेत. मुलांच्या गेममध्ये यातले निम्मे सापडतील.

आता स्वतःच्या घरात बघू. आपल्या शिक्षकांच्या ब्लॉगवर अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती असतात. त्यात गैर काही नाही. डोमेनचे पैसे भरावे लागतात, रात्री जागून प्रश्नपत्रिका टाइप कराव्या लागतात. पण आकारिक चाचणीची पीडीएफ घ्यायला गेलं की पानावर तीन 'डाउनलोड' दिसतात. दोन हिरवी, मोठी, चमकदार. तिसरं बारीक निळ्या अक्षरात. खरं तेच बारीक असतं. मोठी दोन जाहिरातीची. दाबलं की भलतंच अ‍ॅप उतरतं, कधी कधी आजोबांच्या मोबाईलमध्ये.

मी हे केलेलं आहे, म्हणून लिहितो. खरी लिंक जाहिरातीला चिकटून ठेवली की क्लिक वाढतात, असं एका मित्राने सांगितलं आणि ते खरं होतं. अ‍ॅडसेन्समध्ये १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, तो आकडा जवळ आला की मोह होतो. पण अ‍ॅडसेन्सचे स्वतःचेच नियम सांगतात की जाहिरात ही मेनू किंवा डाउनलोडची लिंक आहे असं भासवू नका. पकडलं तर खातं बंद. आणि पकडलं नाही तरी, ज्या ताईने माझ्या ब्लॉगवरून दुसरीच्या मुलासाठी कविता उतरवायला घेतली आणि तिच्या मोबाईलवर जुगाराची जाहिरात उघडली, ती परत कशाला येईल? मी जाहिरात पानाच्या शेवटी नेली. उत्पन्न कमी झालं. खोटं कशाला बोलू, वाढलं वगैरे काही नाही. पण 'सर, लिंक कुठे आहे?' असे मेसेज यायचे थांबले.

मराठी वेबसाइटच्या काही खास अडचणी

इंग्रजी पुस्तकांत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. इंग्रजीसाठी ठरवलेलं दोन ओळींमधलं अंतर मराठीला अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो आणि पान गजबजल्यासारखं दिसतं. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर ठेवलं की फरक लगेच दिसतो. इंग्रजीतल्या १४ आकाराचं अक्षर मराठीत बारीक वाटतं, १६ ते १८ ठेवा. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फॉन्ट मोफत मिळतात. यातले मुक्ता आणि बालू मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने बनवलेले आहेत.

मजकुराचं चित्र करून टाकू नका. ही सवय आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपने लावली. सुंदर किनार, मागे गुलाबाची फुलं, त्यावर सूचना. पण चित्रातली अक्षरं गुगलच्या शोधात भरवशाने सापडत नाहीत, मोठी केली की फुटतात, आणि ज्याला दिसत नाही त्या पालकाचा मोबाईल ती मोठ्याने वाचून दाखवू शकत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तरी तेच होतं, समोरच्याला 'vkeph' सारखी अगम्य अक्षरं दिसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये माहिती सर्वांना सुगम असण्याची तरतूद आहे, ती फक्त इमारतीच्या उतारापुरती नाही.

आणि रंग! आपल्याला महत्त्वाचं म्हटलं की लाल हवं. वेबसाठी जागतिक पातळीवर नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं एक प्रमाण दिलं आहे. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ ला १ हवं. पांढऱ्यावर काळ्याचं प्रमाण २१ ला १, म्हणजे उत्तम. पांढऱ्यावर भडक लाल जेमतेम ४ ला १, म्हणजे नापास. पिवळ्या पट्टीवर लाल, जे आपलं सगळ्यात लाडकं, ते साधारण ३.७. हिरव्यावर लाल ३ च्याही खाली. शिवाय वर्गातल्या काही मुलांना लाल आणि हिरवा यातला फरक नीट कळत नाही, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं. 'लाल रंगातील कागदपत्रे आवश्यक' असं लिहिलं तर त्या मुलाच्या तसल्याच वडिलांनी काय समजायचं? 'आवश्यक' हा शब्दच लिहा, रंग त्याच्या जोडीला राहू दे.

बटणांचा आकार हा आणखी एक. अँड्रॉइडच्या सूचनांनुसार बोटाने दाबायची जागा साधारण ९ मिलिमीटर रुंद असावी. 'पहिली, दुसरी, तिसरी, चौथी' अशा लिंक एका ओळीत चिकटून दिल्या की तिसरी दाबायला जावं आणि दुसरी उघडावी. विटा-सिमेंटचं काम केलेल्या बोटांचं तर विचारूच नका.

वर्गात किंवा घरी करून बघा

यासाठी संगणक लागत नाही. वहीचं एक पान घ्या, मोबाईलच्या आकाराची चौकट आखा. मुलांचे गट करा आणि प्रत्येकाला एक वेबसाइट द्या: शाळेचं वाचनालय, गावातली पिठाची गिरणी, आजीच्या पापड-लोणच्यांचा घरगुती व्यवसाय. चित्र काढण्याआधी दोन वाक्यं लिहायला लावा. 'इथे येणाऱ्या माणसाला ____ हवं आहे.' 'मालकाला ____ हवं आहे.' गिरणीच्या गटात आमच्या एका मुलाने लिहिलं, 'माणसाला लाइट आहे का ते हवं आहे.' मी चाट पडलो. गिरणीच्या पानावर सगळ्यात वर हेच पाहिजे, आज गिरणी चालू आहे की बंद! त्याच्या गटाने चौकटीत वर मोठा हिरवा गोल काढला होता. शेजारच्या मुलीने विचारलं, "आणि ज्याला हिरवा कळत नाही त्याला?" मग त्यांनी गोलात 'चालू' लिहिलं.

चौकटी तयार झाल्या की पालकसभेला आलेल्या पाच जणांना दाखवा. याकोब निल्सन यांनी २००० मध्येच मांडलं होतं की पाच माणसांना बसवून बघितलं तरी बहुतेक मोठ्या चुका सापडतात. पानावर बोट ठेवून शोधायला सांगा: "वाचनालय शनिवारी किती वाजता बंद होतं?" नियम एकच आहे आणि तो आपल्या शिक्षकांना सगळ्यात अवघड जातो. मध्ये बोलायचं नाही. "अहो, तिथे वर बघा ना" असं म्हणायचं नाही. बोट कुठे अडलं, किती वेळ अडलं, तेवढंच वहीत लिहायचं.

मी माझ्या नव्या पानासाठी हे केलं. आता कागदांची यादी सगळ्यात वर आहे, साध्या अक्षरात, क्रमाने, आणि शेजारी कार्यालयाचा चालू असलेला फोन नंबर. इमारतीचा फोटो ठेवला आहे, लहान करून, यादीच्या खाली. चाचणीला बसलेल्या पाचपैकी चौघांना यादी लगेच सापडली. पाचव्या आजी होत्या, नातवासाठी आलेल्या. त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, "झेरॉक्स चालंल का मूळ प्रत पाहिजे?" ते मी लिहिलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी ती ओळ घातली.